तारांगणात आज रात्रीचे आकाश दाखवा

मा. विज्ञानमंत्री महोदय,

सुट्टीत शहर पाहायला निघालेल्या कुटुंबांच्या यादीत तारांगण हमखास असते. हाताशी एखादाच दिवस, सोबत लहान मुले, आणि पुन्हा येणे कधी होईल याचा भरवसा नाही. त्या एका खेळात मुलांना काय दाखवले जावे, यासाठी हे पत्र.

अनेक तारांगणांत आता घुमटावर ध्वनिमुद्रित चित्रपट लावतात. कृष्णविवरे, महास्फोट, उल्कापात. चित्रे देखणी असतात, त्यांना माझा विरोध नाही. पण त्यांत आज रात्रीचे आकाश नसते. गुरू दरवर्षी साधारण एक रास पुढे सरकतो, शुक्र कधी संध्याकाळी पश्चिमेला तर कधी पहाटे पूर्वेला दिसतो, चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. मागे कधीतरी तयार झालेल्या चित्रपटाला हे कसे कळणार?

तारांगण जन्मले ते खरे आकाश दाखवण्यासाठीच. वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी झाइस कंपनीत घडवलेला प्रक्षेपक १९२३ मध्ये म्युनिकच्या डॉयचेस म्युझियममध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्यातून सुमारे ४,५०० तारे घुमटावर उमटत, आणि तेही म्युनिकच्या अक्षांशावरून दिसतात तसेच. आजची यंत्रे मंगळावरून दिसणारे आकाशसुद्धा दाखवतात. तरीही मूल बाहेर येऊन वर पाहते तेव्हा त्याला एकही ओळखीचा तारा सापडत नाही, हे मला फार सलते.

जाणता निवेदक एकदम अंधार करत नाही, लहानगी घाबरतात. आधी सूर्य मावळतो, मग संधिप्रकाश, मग शहराच्या उजेडातही टिकणारे मोजके तारे. त्यानंतर तो शहराचे दिवे घालवतो आणि सगळे आकाश उजळते. त्या क्षणी मुलांच्या तोंडून निघणारा उद्गार ज्याने ऐकला, त्याला माझे म्हणणे वेगळे सांगायला नको. मग निवेदकाच्या हातातला प्रकाशाचा बाण घुमटावर फिरू लागतो: मृगातल्या तीन ताऱ्यांची रेघ पुढे नेली की व्याध, सप्तर्षींच्या टोकाच्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव. ‘काल गच्चीवरून दिसला तो कुठला?’ असे कुणी विचारले, तर तो तिथल्या तिथे दाखवतो.

म्हणून विनंती अशी, की कुटुंबांसाठीच्या प्रत्येक खेळाची पहिली वीस मिनिटे प्रत्यक्ष निवेदनाची असावीत, मुलांच्या भाषेत. अगदी लहानांना दारातून परत पाठवण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळा, छोटा खेळ ठेवावा. सुट्टीच्या दिवसांत सगळ्या जागा सहलींना न देता काही आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखाव्यात. निघताना प्रत्येक मुलाच्या हाती त्या महिन्याचा एका पानाचा तारानकाशा द्यावा.

यातले निवेदकाचे काम सर्वांत अवघड आहे. आकाश माहीत असणे आणि ते पाच वर्षांच्या मुलाला सांगता येणे, या दोन्ही गोष्टी जमायला वर्षे लागतात. दर हंगामाला बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून ते होणार नाही. नव्या प्रक्षेपकासाठी निधी मंजूर कराल, तेव्हा त्याच आदेशात निवेदकाचे कायम पदही मंजूर करावे.

आपला,
एक पालक