लॉवेल तासाभरात उरकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लॉवेल या जुन्या गिरणीगावावरचा लेख वाचला. ‘संग्रहालय तासाभरात उरकतं’ हे त्यातलं वाक्य खटकलं, म्हणून हे पत्र.

मी उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढली; साचा म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग. मुलीकडे गेलो होतो तेव्हा लॉवेलचं बूट कॉटन मिल्स संग्रहालय पाहिलं. तिथे ८८ साचे ओळीनं मांडलेत, त्यातले काही खरोखर चालवतात. आत शिरताना कानात घालायला बोळे मिळतात. मी ते खिशात टाकले. साचे सुरू झाले, पायाखालची जमीन थरथरली आणि जावई काय विचारतोय ते मला त्याच्या ओठांवरून कळलं. आम्ही खात्यात असंच बोलायचो. बंद साचा काचेमागे ठेवला तर त्यातलं काय कळणार?

धोट्याकडेही, म्हणजे आडवं सूत साच्यात इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याकडेही नीट बघा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत श्वासाने ओढून घ्यायचं. कापसाची धूळ छातीत जायची, शिवाय एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी. लॉवेल ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये कायदा करून हे थांबवलं.

जवळच गिरणीतल्या मुलींची खानावळ आहे, तिचा लेखात उल्लेखच नाही! शेतकऱ्यांच्या लेकी तिथे राहायच्या, एका खाटेवर दोघी-दोघी. १८३४ मध्ये मजुरी कापली म्हणून त्यांनी संप केला आणि १८३६ मध्ये खानावळीचे दर वाढले म्हणून पुन्हा. गिरणीमालक आणि खानावळ यांचं हे नातं आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको.

कापूस यायचा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरून, गुलामांच्या हातचा. लॉवेलला विणलेलं जाडंभरडं कापड पुन्हा त्याच मळ्यांवर गुलामांच्या अंगावर जायचं. त्या कापडाला नावच पडलं होतं ‘लॉवेल’. हे ठाऊक असलं की साच्यांची ती लांबलचक रांग वेगळीच दिसते.

मेरिमॅक नदीचं पाणी गिरण्यांना पुरवणारे सुमारे नऊ किलोमीटरचे कालवे आहेत, त्यांच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवावी.

तिथल्याच साच्यांवर विणलेलं कापड संग्रहालयाच्या दुकानात मिळतं. मी एक पंचा घेतला. पैसे देण्याआधी त्याचा काठ उलटून पाहिला. मुलगी हसली.

आपला,
एक निवृत्त साचेवाला