निर्णयसागरच्या कपाटाची यादी करताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

निर्णयसागर या मुंबईच्या जुन्या छापखान्याच्या पुस्तकांचं कपाट यादीसाठी तुझ्या वाट्याला आलंय, तर ग्रंथाचं नाव उतरवून पुढे जाऊ नकोस. शीर्षकपानाच्या तळाची प्रकाशकाची ओळ आधी वाच, छापखान्याच्या मालक घराण्याची वंशावळच तिथे छापलेली आहे. 'जावजी दादाजी' असेल तर पुस्तक पहिल्या पिढीतलं. ते १८९२ साली वारले. मग 'तुकाराम जावजी', १९२० आणि ३०च्या दशकांत 'पांडुरंग जावजी', आणि १९४०च्या दशकात 'सत्यभामाबाई पांडुरंग'. हे शेवटचं नाव तोडून नुसतं 'पांडुरंग' लिहू नकोस. त्या काळात काव्य-शास्त्राचे ग्रंथ एका बाईच्या नावाने निघत होते, हे यादीत दिसलंच पाहिजे.

शीर्षकपानाच्या पाठीवर घाणेकर किंवा रामचंद्र येसू शेडगे अशी नावं दिसतील. ते मुद्रक, प्रकाशकाच्या रकान्यात त्यांना घालायचं नाही. पत्ता जुन्या प्रतींवर २३, कोलभाट लेन असा, तर पुढच्यांवर २६-२८, कोलभाट स्ट्रीट असा. वर्षाचं पान फाटलेलं असेल तेव्हा एवढ्यावरूनही अंदाज बांधता येतो. नुसता शक दिला असेल तर ७८ मिळव. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या दिवसांना ७९.

संपादकाच्या नावावरून मात्र साल ठरवू नकोस. काव्यमाला ही निर्णयसागरची संस्कृत ग्रंथांची मालिका १८८६ साली पं. दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी सुरू केली. दुर्गाप्रसादही १८९२ मध्येच गेले, पण पुढच्या आवृत्त्यांवर त्यांचं नाव राहिलं. शिवदत्त, पणशीकरशास्त्री यांची नावं नंतर येतात.

काव्यमालेत आणखी एक घोळ होतो. 'भाग' म्हणजे गुच्छक: छोट्या काव्यांचा एकत्र संग्रह, असे चौदा निघाले. नुसता क्रमांक म्हणजे स्वतंत्र ग्रंथ. आपल्या हालाची गाथासप्तशती क्रमांक २१ (१८८९), भरताचं नाट्यशास्त्र ४२ (१८९४). 'भाग' आणि 'क्रमांक' एकाच रकान्यात गेले की एक पुस्तक दोनदा चढतं आणि दुसरं गायब होतं. दोन वेगळे रकाने कर.

आता छपाईकडे. जावजींनी १८६४ साली आधी टाइप, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतायचा कारखाना काढला, छापखाना १८६९ साली. म्हणून अक्षर घरचं. त्याचे साचे राणोजी रावजी आरू यांच्या हातचे, आणि वळण इतकं सुबक की आजच्या संगणकी टंकांतही मला ते क्वचितच भेटतं. पण शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या त्या मिश्रधातूत रफार, वेलांटी, मात्रा यांची बाहेर झुकलेली टोकं नाजूक असतात. दाबाखाली ती मोडतात आणि 'धर्म'चा 'धम' होतो. अशा जागी पाठभेद म्हणून टीप टाकण्याआधी तोच शब्द दुसऱ्या प्रतीत पाहा, आणि शेवटचं शुद्धिपत्रही उघड. कागदाच्या पाठीवर बोट फिरवलंस तर दाबाचे उठाव लागतात. नंतरच्या ऑफसेट पुनर्मुद्रणात ते लागत नाहीत.

पानं पुरी आहेत का, हे पृष्ठांकांइतकंच फर्म्याच्या (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) खुणेवरून बघ. दर आठ किंवा सोळा पानांनी पायाशी एक अंक आणि ग्रंथनामाचं तुटक रूप असतं. प्रस्तावना आणि मूळ ग्रंथ यांचे आकडे वेगळे चालतात, तेव्हा "पान १ दोनदा आलं" म्हणून दचकू नकोस.

कडा तपकिरी झालेल्या, चुरा पडणाऱ्या प्रती पूर्ण उघडू नकोस, दोन्ही बाजूंना उशी देऊन अर्ध्याच उघड. सेलोटेप अजिबात नको: डिंक पिवळा पडतो आणि काढताना अक्षरासकट निघतो. फाटलेल्या जागी जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, वर एक रात्र हलकं वजन. ते जमत नसेल तर सुती नाडीने बांधून ठेव.

तुझी,
आई