औषधांचं खातं सांभाळणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुलं पत्र: माझ्या टाचेसंबंधी

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं पूर्ण नाव मुद्दामच लिहीत नाही. मागच्या अर्जावर लिहिलं होतं, तर ‘विषय आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून तो अर्ज दुसऱ्या खात्याचं दर्शन घेऊन परत आला.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. वय ६३, साखर आहे, कापसाच्या धुळीने लागलेला दमा आहे. मे महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. उन्हाळ्यात इथे पारा ४३ वर जातो आणि नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे आम्ही पाणीसुद्धा मोजून पितो. पण ते तुमचं खातं नाही, सोडा.

डॉक्टरकडे जायचं तर ३०० रुपये आणि अर्ध्या दिवसाचा खाडा. म्हणून चौकातल्या मेडिकलवर गेलो. चूक माझी, लिहून घ्या. काउंटरवरच्या पोराने काय होतंय तेवढं विचारलं. वय नाही, साखर नाही, दुसरं कुठलं औषध चालू आहे तेही नाही. लेव्होफ्लॉक्सासिन ५०० या अँटिबायोटिकची स्ट्रिप घेतली, कात्रीने कचकन कापली आणि चार गोळ्या हातावर ठेवल्या. “घ्या की काका, दोन दिवसांत मोकळं.” लाल चौकटीतली धोक्याची सूचना दुकानातल्या तुकड्यावर राहिली. माझ्याकडे आली ती नुसती चंदेरी घरं.

तिसऱ्या रात्री अंथरूण घामाने भिजलं, हात थरथरायला लागले. मुलाने मशीन लावलं तर साखर ५२. बायकोने चमच्याने साखर तोंडात घातली तेव्हा माणसं ओळखू यायला लागली. साखरेसाठी मी ग्लिमेपिराइड घेतो. तिच्यासोबत ही गोळी गेली की साखर अशी घसरू शकते, हे मला नंतर कळलं. आणि मी शहाणा! कोर्स अर्धा सोडू नये एवढं ऐकून होतो, म्हणून चौथीही गिळली.

आठवड्याने कारखान्याच्या जिन्यावर पाऊल टाकलं आणि मागून कुणीतरी टाचेवर काठी हाणल्यासारखं झालं. वळून बघतो तर कुणी नाही. टाचेमागची नस, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी, तुटली होती. हाडाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “अँटिबायोटिक कुठली घेतली होती?” साठीच्या पुढचा माणूस, दम्यासाठी स्टिरॉइडची गोळी चालू, त्यात ही. अमेरिकेत या जातीच्या गोळ्यांवर नस तुटण्याचा सगळ्यात कडक इशारा २००८ पासून छापतात. सहा आठवडे प्लास्टर, पुढे कुबडी. पगार बंद. संडासाला जायचं तर मुलाचा खांदा, आणि मुलगा रात्रपाळीला. किती वेळ थांबलो असेन, तो हिशेब मीही लिहिलेला नाही.

तक्रार केली. “पंधरा दिवसांत कारवाई” असं तोंडी आश्वासन मिळालं. चार महिन्यांनी, गेल्या सोमवारी उत्तर आलं: दुकानाची नोंदवही नियमानुसार आढळली. सोबत पानाची झेरॉक्स. ही गोळी एच-वन यादीतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही अशा औषधांच्या कडक यादीतली. १ मार्च २०१४ पासून अशा औषधाची वेगळी वही ठेवायची, त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, नग, आणि ती तीन वर्षं जपायची. वही अगदी जपलेली आहे साहेब! माझं आडनाव चुकलंय. डॉक्टर म्हणून ज्यांचं नाव घातलंय, ते दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले त्याला सहा वर्षं झाली. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीतल्या. मी आयुष्यभर खतावण्या लिहिल्या आहेत, हे मला कळतं. तुमच्या इन्स्पेक्टरला कळलं नाही.

मग मीच कुबडीवर तपासणीला निघालो. घरापासून चौकापर्यंत सात मेडिकल. पाचांनी चिठ्ठी न मागता हीच गोळी पुढे केली. म्हणजे एकाहत्तर टक्के. सरकारी टक्केवारी याहून फार निराळी निघत असेल असं वाटत नाही.

केरळात जानेवारी २०२४ पासून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक धाडी पडायला लागल्या. तिथला कायदा वेगळा नाही हो. आपल्याकडे आषाढीला ताफा पंढरपूरला जायचा असला की एका रात्रीत डांबर पडतं. तशी एक रात्र या वह्यांसाठी काढा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाल रेघेची मोहीम काढली: पाकिटावर लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका. सर्दी-पडशाच्या विषाणूवर या गोळ्या चालत नाहीत, तरी आमच्या कारखान्यात शिंक आली की पोरं दोन गोळ्या खाऊन मागावर उभी राहतात. जंतू मरायचे ते मरतात, उरलेले गोळीला सरावतात. पण त्या पोरांना दोष कसा देऊ? सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की दिवसाची मजुरी गेली. रांग तुमची, खाडा आमचा. निवडणुकीला मात्र केसपेपर न काढता घरी येता.

मागणं मोठं नाही. कापून दिलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर इशारा द्यायला लावा, तोही मराठीत; आमच्या पूर्व भागात तेलुगूतही लागेल. काउंटरवर शिकलेला फार्मासिस्ट उभा करा, भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट नको. संध्याकाळी सातनंतर चालू राहील असा एक तरी सरकारी दवाखाना कामगारवस्तीत द्या. आणि त्या वहीतल्या डॉक्टरांना पुण्याला एक फोन करा. माझं आडनावही दुरुस्त करून घ्या.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर

सोबत: नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स; स्ट्रिपचा कापलेला तुकडा, चारही घरं रिकामी.