सात जणांचे एकच खाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी असून पूर्वी तालुक्याच्या गावी संगणक शिकवत असे. अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत माझे १.८० हेक्टर क्षेत्र ०.८० असे लागले, म्हणून मी एका कार्यालयात चौकशीला गेलो. बदल ‘ॲडमिन’ या खात्यातून झाल्याचे दिसले. त्या खात्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला डकवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईने लिहिलेला होता आणि ते खाते सात जण वापरत होते. त्यांपैकी एकाची तर बदली होऊन वर्ष लोटले होते. ठपका मात्र कंत्राटी ऑपरेटर मुलावर आला आणि त्याला कामावरून कमी केले गेले. चूक त्याची होती की नव्हती, हे आता कोणीही सिद्ध करू शकणार नाही.

नेटवर्कवर येणाऱ्याची ओळख पटवणे, त्याला कशाची मुभा आहे ते ठरवणे आणि त्याने काय केले याची नोंद ठेवणे, ही तीन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे पासवर्ड टाकला की तिन्ही झाली असे मानले जाते. ही तिन्ही कामे सांभाळणाऱ्या रेडियस या पद्धतीत स्विच (संगणकांना नेटवर्कशी जोडणारे यंत्र) किंवा वायफायचे यंत्र स्वतः निर्णय न घेता मध्यवर्ती सर्व्हरला विचारते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मानकांत ओळख व परवानगीसाठी १८१२ आणि नोंदीसाठी १८१३ असे वेगळे पोर्ट, म्हणजे संदेश आत येण्याची क्रमांक दिलेली दारे, आहेत, म्हणजे नोंद ठेवणे हे स्वतंत्र काम आहे हे तेव्हाच मान्य झाले होते. त्यासाठी लागणारे फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. अर्थात कोणते खाते केव्हा जोडले गेले आणि किती वेळ राहिले, एवढेच रेडियस सांगेल, १.८० चे ०.८० कोणी केले याची नोंद त्या यादीच्या सॉफ्टवेअरनेच ठेवली पाहिजे. पण खातेच सामायिक असेल, तर या दोन्ही नोंदी असून नसल्यासारख्या आहेत.

कापूस काट्यावर मोजला की काटापट्टीवर कोणाची सही आहे, हे आमच्याकडचा अडाणी माणूसही पाहून घेतो. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना किल्ल्या, शिक्के, रजिस्टरे यांची यादी होते, परंतु त्या यादीत संगणकाच्या खात्याचा उल्लेख मी अजून पाहिलेला नाही. माणसे कमी असतात, एखादा रजेवर गेला की काम अडते, ही अडचण खरी आहे. मात्र त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या खात्यावर तेवढ्या दिवसांपुरती मुभा देणे. आपला पासवर्ड त्याच्या हाती देणे नव्हे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनीही आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवायची आहेत. तेव्हा जिल्हा प्रशासनाला विनंती, की प्रत्येक कर्मचाऱ्याला, कंत्राटी असला तरी, स्वतंत्र खाते द्यावे, बदलीचा किंवा कार्यमुक्तीचा आदेश निघाला त्याच दिवशी ते बंद करावे आणि नोंदी तपासण्याची जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी.

अर्ज दिल्यानंतर माझे क्षेत्र दुरुस्त झाले. त्या मुलाला मात्र अजून कोणी परत बोलावलेले नाही. त्याच्या प्रकरणाची फेरचौकशी व्हावी, हीही माझी मागणी आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ