डोकेदुखी-उलटीच्या रुग्णाचा डोळाही तपासा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

डोकं ठणकतंय, उलट्या थांबत नाहीत, एक डोळा लाल झालाय. अशा रुग्णाला आपत्कालीन विभागातून अनेकदा अर्धशिशीचं नाहीतर पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. त्यातल्या काहींना अचानक उद्भवलेला काचबिंदू असतो. डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची वाट बुबुळाच्या कडेने बंद होते आणि एरवी 10 ते 21 मिलिमीटर पारा असणारा दाब 50-60 वर जातो. काही तासांत डोळ्याची नस कायमची निकामी होऊ लागते. म्हणून पहिला उपचार नेत्रतज्ज्ञाची वाट न पाहता तिथेच सुरू व्हावा, असा लेखी आदेश आपण काढावा.

ओळखायला यंत्रच हवं असं नाही. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात का, हे विचारायचं. टॉर्च मारली तर बाहुली अर्धवट रुंदावलेली, किंचित लंबगोल दिसते, उजेडाने आकसत नाही. पुढचा पारदर्शक पडदा धूसर असतो. मार लागलेला नसेल तर मिटल्या पापणीवरून हलकेच चाचपावं. दुखरा डोळा दगडासारखा लागतो.

रुग्णाला उताणं झोपवून डोळ्यातला दाब उतरवणारं ऍसिटाझोलामाइड 500 मिलिग्रॅम द्यावं, उलटी होत असेल तर शिरेतून. सल्फाची तीव्र ऍलर्जी किंवा मूत्रपिंड निकामी असेल तर ते टाळावं. सोबत दाब कमी करणारं डोळ्यात घालायचं औषध टिमोलॉल 0.5 टक्के, एक थेंब. दमेकऱ्याला आणि ठोके मंद असणाऱ्याला नाही. तरीही दाब उतरला नाही तर शिरेतून 20 टक्के मॅनिटॉल, किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम, अर्ध्या-पाऊण तासात. हृदय कमजोर असेल तर जपून.

बाहुली आकसवणाऱ्या पिलोकार्पिन थेंबांची घाई मात्र करू नये. दाब 40 च्या वर असताना बुबुळाच्या स्नायूला रक्तच पुरेसं पोचत नाही, थेंब वाया जातात. बाहुली मोठी करणारे थेंब तर मुळीच नकोत. पट्टीही बांधू नये, अंधारात बाहुली आणखी रुंदावते. टोपिरामेट (फिट्स आणि अर्धशिशीवरचं औषध) घेणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांना एकदम त्रास झाला तर कारण वेगळं असतं. तिथे ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून बंद करायचं, पिलोकार्पिन द्यायचं नाही.

रुग्ण दुसरीकडे हलवायचा असला तरी पहिली मात्रा देऊनच हलवावा. चिठ्ठीवर औषध आणि वेळ लिहावी.

दाब उतरला म्हणजे रोग गेला असं नव्हे. लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडावं लागतं, तेही दोन्ही डोळ्यांत. दुसऱ्या डोळ्याची ठेवणही तशीच असते आणि उपचाराविना सुमारे निम्म्या रुग्णांत पाच वर्षांत त्यालाही झटका येतो. दोन्ही डोळ्यांच्या लेझरची तारीख डिस्चार्जच्या कागदावरच मिळावी.

आपले,
नेत्रचिकित्सा क्षेत्रातील डॉक्टर