जिकजीची लाकडी प्रतही मोलाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला छपाईच्या इतिहासावरचा लेख वाचला. कोरियातल्या 'जिकजी'चा उल्लेख पाहून बरे वाटले, एरवी आपल्याकडे हा विषय पंधराव्या शतकातल्या जर्मन मुद्रक गुटेनबर्गच्या मागे जातच नाही. १३७७ साली छोंगजू इथल्या हुंगदोक विहारात हे बौद्ध पुस्तक धातूच्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांनी, छापले गेले, हे लेखकाने सांगितले. पण लेख तिथेच संपला आणि महत्त्वाचे राहून गेले.

धातूच्या खिळ्यांनी छापलेली एकच प्रत आज उरली आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. तोही फक्त दुसरा खंड, आणि त्याचेही पहिले पान गहाळ. मग पहिल्या खंडात काय होते, हे कळले कसे? पुढच्याच वर्षी, १३७८ मध्ये, छ्विआम विहारात तेच पुस्तक लाकडी फळ्यांवर कोरून पुन्हा छापले, म्हणून. ते संकलित करणारे भिक्खू पेगउन याच विहारात वारले होते. दोन्ही वेळा खर्चाला हातभार लावला तो म्योदोक नावाच्या भिक्खुणीने. या लाकडी छपाईचे दोन्ही खंड सोलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पहिल्या खंडात सात बुद्ध आणि महाकाश्यपापासून बोधिधर्मापर्यंतचे भारतीय आचार्य येतात. म्हणजे आपली मंडळी नेमकी हरवलेल्या खंडात होती!

मी तीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवले. पॅरिसच्या प्रतीचे फोटो पाहिले तेव्हा हसूच आले. ओळी किंचित वाकड्या, एक अक्षर गडद तर शेजारचे फिके, आणि काही अक्षरे चक्क डोक्यावर उभी. त्यात 'सूर्य' या अर्थाचे चिनी अक्षरही आहे. चौकट आणि मधोमध आडवी रेघ. वरचे खाली केले तरी जवळपास तसेच दिसते. घाईत तो खिळा उलटा बसला असणार. माझ्याही हातून असे झाले आहे आणि मालकांची बोलणीही खाल्ली आहेत.

लाकडात ही भानगड नाही. लिहिलेला पातळ कागद फळीवर पालथा चिकटवायचा आणि अक्षराभोवतीचे लाकूड कोरून काढायचे. सगळे पान एकसंध, अक्षर फिरणार कुठे? शिवाय आम्ही पान छापून झाले की फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची बांधणी, सोडून खिळे पुन्हा खणांत टाकायचो. कोरलेली फळी मात्र जपून ठेवता येते, हवी तेव्हा शाई लावून पुन्हा छापता येते.

पुढच्या वेळी जिकजीचे चित्र छापाल तेव्हा शेजारी १३७८ च्या प्रतीचेही एक पान द्यावे. कोणते खिळ्यांचे आणि कोणते लाकडाचे, ते खाली लिहू नका. जुने जुळारी ओळखतील.

– एक निवृत्त जुळारी, सातारा