सोनेगावच्या हवामानवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या आठवड्यात मी प्रयागराजला निघतेय, एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्याच्या, प्रशिक्षणाला. ही बातमी सांगितली तेव्हा तुम्ही दोनदा "छान" म्हणालात आणि लगेच गंगेकाठी हिवाळ्यात धुकं कसं धरतं त्यावर बोलायला लागलात. माझे आभार राहूनच गेले. समोरासमोर तुम्ही मला ते मानूही देणार नाही, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. आपल्या नागपूर विमानतळावरच्या सोनेगाव हवामान कार्यालयात ज्यांनी तुमच्यासोबत नोकरी केली ते ओळखतीलच.

बाबांचं आजारपण आलं आणि माझं फ्लाइंग थांबलं. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि एकेका तासाला किती पैसे मोजावे लागतात हे त्या वाटेनं गेलेल्या घरांनाच ठाऊक. आमच्या घरी तेव्हा औषधांचा हिशेब आधी होता. नातेवाइकांनी स्थळं सुचवायला सुरुवात केली. मैत्रिणींनी धीर द्यायला सरला ठकराल यांची गोष्ट पाठवली. १९३६ साल, वय २१, पदरात चार वर्षांची मुलगी, अंगावर साडी, आणि लाहोरला एकटीनं उडवलेलं जिप्सी मॉथ हे छोटं विमान. ही गोष्ट वाचून उभारी येण्याऐवजी मी आणखी खचायचे. ती उड्डाणाशी संपायची, आणि माझं तर उड्डाणच बंद पडलं होतं.

तुम्ही मला त्याच्या पुढची गोष्ट सांगितलीत.

सुरुवात मात्र तुम्ही नागपुरापासून केलीत, तुमच्या वडिलांपासून. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रासहून निघालेली डकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतलेली असायची. अख्ख्या देशाची पत्रं अर्ध्या रात्री आपल्या गावात हात बदलत होती, हे सांगताना तुमचा आवाज चढतो. टपालाच्या त्या ओढीतून तुम्ही मागं जात कॅप्टन पी. डी. शर्मांपर्यंत पोचला होतात. कराची–लाहोर मार्गावर टपालाची विमानं नेणारे शर्मा म्हणजे सरलाबाईंचे पहिले पती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या ज्या घरात गेल्या तिथं उडणं नित्याचं होतं, आणि सुनेला फ्लाइंग क्लबात घालण्याची सर्वांत जास्त हौस सासऱ्यांना होती. पहिल्या उड्डाणावर त्या थांबल्या नाहीत, लाहोर फ्लाइंग क्लबच्या विमानावर त्यांनी १००० तास पुरे केले. "पोरी, लोक साडीच सांगतात. हजार तास कोणी सांगत नाही," असं तुम्ही म्हणालात. त्यांच्याआधी १९३२ मध्ये ऊर्मिला पारीख यांना लायसन्स मिळालं होतं, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. एकीला मोठं करताना दुसरीला पुसायचं नाही, हा तुमचा कटाक्ष मला फार आवडतो.

मग आलं १९३९. शर्मांचं विमान कोसळलं आणि चोविसाव्या वर्षी सरलाबाई दोन मुलींसह मागे राहिल्या. तरी त्या कमर्शियल लायसन्ससाठी जोधपूरला गेल्या. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, नागरी वैमानिकांचं प्रशिक्षण बंद झालं आणि ते लायसन्स राहिलं ते कायमचं. लाहोरला परत येऊन त्यांनी मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं, चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर मुलींना घेऊन दिल्लीत आल्या. १९४८ मध्ये आर. पी. ठकराल यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला; घर आर्यसमाजी असल्यानं ती वाट मोकळी होती. पुढं साड्यांची छपाई, दागिन्यांची डिझाइन्स, स्वतःचा व्यवसाय. २००८ मध्ये त्या गेल्या तोवर तो हातांचा उद्योग त्यांनी कितीतरी वर्षं केला होता.

हे ऐकलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन खूप रडले, काका. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. एवढी मोठी बाई, हजार तास उडालेली, आणि तिचंही राहिलं. त्यात तिचा काडीचा दोष नव्हता. माझाही नव्हता. घरात कोणी मला दोष दिला नव्हता, तरी तो मीच लावून घेतला होता, आणि तो तुम्ही उतरवलात.

एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही मला हवामानशास्त्र शिकवायला घेतलंत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, सुरू होता, कूलरसमोर बसूनही घाम निथळत होता, आणि तुम्ही पहिला प्रश्न टाकलात: आज पारा ४५ वर आहे, सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर आहे, तर विमानाला ती किती उंचीवर आहे असं वाटेल? गणित मांडलं तर उत्तर जवळपास पाच हजार फूट आलं. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धाव लांबते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी नागपुरातून उडणारं छोटं विमान चिखलदऱ्याच्याही वरच्या हवेतून उडत असतं. हे पुस्तकात मी आधी वाचलं होतं. समजलं तुमच्या ओसरीवर. मग दर अर्ध्या तासाचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचणं, व्हीएएनपी या नागपूर विमानतळाच्या खुणेच्या अक्षरांमागचं सगळं आकाश डोळ्यांपुढं उभं करणं, रोज पहाटे आणि संध्याकाळी सोडला जाणारा हवामानाचा फुगा वरून काय काय कळवतो ते तक्त्यावर मांडणं. एक पैसा घेतला नाहीत. काकूंचा चहा आणि चिवडा वर.

कंट्रोलरच्या परीक्षेची जाहिरातही तुम्हीच दाखवलीत. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित आहे, मग अर्ज का भरत नाहीस, एवढंच विचारलंत. खालून वैमानिकाला धीराचा आवाज लागतो, आणि ज्यानं स्वतः कॉकपिटमध्ये बसून तो आवाज ऐकलाय त्याला त्याची किंमत कळते, हे तुमचं म्हणणं मी मुलाखतीतही सांगितलं. तुमचं म्हणूनच सांगितलं.

उडायचं मी सोडलेलं नाही. पगार सुरू झाला की आधी बाबांच्या उपचाराची उसनवारी फेडेन, मग राहिलेल्या तासांचं बघेन. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुखांनी निवेदिता भसीन यांना सोबत घेऊन कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेलं, सगळा चमू बायकांचा. ही हकीकत तुम्ही मला परीक्षेच्या आदल्या दिवशी ऐकवलीत, ती मी जपून ठेवलीय.

जाता जाता एक काम सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी मला रोज विमानांबद्दल विचारते, आणि ढगांबद्दल तर फारच. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलंय. रविवारी संध्याकाळी आई तिला तुमच्याकडे घेऊन येईल. गणितात जरा कच्ची आहे, पण प्रश्न विचारायला लाजत नाही. तिला आधी मेटार शिकवा, फुग्याचं नंतर.

काकूंना नमस्कार. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची विद्यार्थिनी